दोन हजार तीनशे गावांची यादी

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात, जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्याच्या डोक्यावर मुकेश शेठचं गेम पार्लर होतं. तिथले सगळे माऊस निळे होते. आणले तेव्हा ते पांढरेच होते. पण खालचे आणि आजूबाजूचे कारागीर जेवणाच्या सुट्टीत वर यायचे, आणि जीन्सचा रंग काही साबणाने पुरता जात नाही. महिन्या-दोन महिन्यांत माऊस त्यांच्या बोटांसारखेच निळसर व्हायचे. २००४च्या मे महिन्यात संध्या ओव्हाळ पहिल्यांदा तो अरुंद जिना चढून वर गेली तेव्हा तिची नजर आधी त्या निळ्या माऊसांवरच पडली.

संध्या अंबरनाथची. वडील धोंडिबा काडेपेटीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आई जाऊन बरीच वर्षं झालेली. तिचं लग्न जमलं नाही, असं नातेवाईक म्हणायचे. खरं तर ते जमवायचंय हे हळूहळू सगळेच विसरून गेले होते, तीसुद्धा. तिने ग्रंथालयाचा कोर्स केला होता आणि बदलापूरच्या एका छोट्या वाचनालयात नऊ वर्षं नोकरी केली होती. मग वाचनालयाच्या जागेवर इमारत उभी राहायची ठरली, पुस्तकं गोण्यांत भरून कुणाच्या तरी गच्चीवरच्या खोलीत गेली आणि संध्या घरी बसली. त्या दिवशी ती कॅम्पात परकराचं कापड घ्यायला आली होती. जिन्याच्या तोंडाशी एका पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, ‘कॉम्प्युटर ऑपरेटर पाहिजे. लेडीज चालेल.’ कापडाची पिशवी हातात घेऊन ती तशीच वर गेली.

मुकेश शेठ पन्नाशीचा, मऊ बोलण्याचा सिंधी माणूस. चष्मा दोरीने गळ्यात लटकलेला, आणि गरज पडली की तो सगळीकडे शोधायचा.

“मॅडम, गेम खेलते हो?” त्याने विचारलं.

“नाही. अजिबात येत नाही.”

“मुझे भी नहीं आता. आधी काय करत होता?”

“वाचनालयात होते.”

शेठचा चेहरा उजळला. “बस, फिर तो हो गया. माझी पण लायब्ररीच आहे. किताबें नहीं हैं, इतना ही फरक.”

त्याने तिला कोपऱ्यातल्या मोठ्या कॉम्प्युटरसमोर बसवलं. बाकीचे बारा कॉम्प्युटर वायरीने त्याला जोडलेले होते आणि सगळे गेम त्या एकातच भरलेले होते. शेठला खेळायची नाही, जमवायची हौस होती. बाजारात नवी सीडी दिसली की आणायची आणि आतलं सगळं या कॉम्प्युटरमध्ये ओतायचं, असं त्याने सात वर्षं केलं होतं. पडद्यावर नावांची यादी सुरू झाली ती संपेचना. नावं तरी कसली, सात-आठ इंग्रजी अक्षरं एकत्र कोंबलेली. चार हजारांच्या वर होती.

“जेवणाची सुट्टी अर्धा तास,” शेठ म्हणाला. “त्यातली वीस मिनटं हे लोक शोधतात. नहीं मिलता. मग सगळे तीच मोटारची गेम खेळून जातात. एवढं सगळं मी कोणासाठी जमवलं, सांगा?”

दुसऱ्या दिवसापासून संध्या कामाला लागली.

एका कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवर तिला एक सॉफ्टवेअर सापडलं. त्याला लाँचर म्हणत. तो स्वतः गेम नव्हता. गेमची मांडणी करून ठेवणारं ते एक कपाट होतं. प्रत्येक गेमचं नाव, प्रकार, साल, चार ओळींची माहिती आणि एक चित्र त्यात भरायचं. मग पडद्यावर चित्रांच्या ओळी दिसत, आणि चित्रावर क्लिक केलं की गेम सुरू. संध्याने ते उघडलं आणि तिला आपलं जुनं कार्डांचं ड्रॉवर आठवलं. एवढं तर आपल्याला येतंच की, असं ती मनाशी म्हणाली.

आधी तिने निवडटिपण केलं. एकच गेम सहा नावांनी सहा ठिकाणी बसलेला असायचा. काही अर्धवट उतरलेले, काही उघडताच मान टाकणारे. पावसाळाभर ती चाळत राहिली आणि शेवटी दोन हजार तीनशे चाळीस उरले. मग खरं काम सुरू झालं ते चित्रांचं. चित्रं आयती नव्हती. गेम सुरू करायचा, आत शिरायचं आणि एखादं बरं दृश्य आलं की कीबोर्डवरचं बटण दाबून ते टिपून घ्यायचं. म्हणजे दोन हजार तीनशे चाळीस वेळा आत जाणं आलं.

दुपारी दोन ते पाच पार्लर रिकामं असे. खालच्या शिलाई मशिनींची घरघर फरशीतून वर येई, पायाच्या तळव्यांना गुदगुल्या होत. कूलरचा ओलसर वारा. त्या गुंगीत संध्या एकेका गेममध्ये शिरायची. सुरुवातीला ती दोन मिनिटांत मरायची. कुणीतरी धावत येऊन तिला तलवारीने तोडायचं नाहीतर ती कड्यावरून पडायची. मग तिच्या एक गोष्ट लक्षात आली. लढाई ज्या बाजूला असेल त्या बाजूला पाठ करून चालू लागलं तर फार कुणी मागे येत नाही. आणि तिकडे, जिथे जायचं कुणालाच काही कारण नव्हतं, तिथे काहीतरी असायचं. एक विहीर. दोरीवर वाळत घातलेले कपडे, हळूहळू हलणारे. खांबाला बांधलेल्या तीन होड्या. एकदा एका पडक्या किल्ल्यामागे तिला पेरूच्या झाडासारखं झाड दिसलं आणि त्याच्या खाली सावलीसुद्धा काढलेली होती. ती त्या सावलीत बराच वेळ उभी राहिली. कुठल्यातरी लांबच्या देशात कुणीतरी बसून ही सावली काढली असेल. कुणी बघेल न बघेल, तरी काढली असेल.

संध्याकाळी शेअर रिक्षातून घरी जाताना मलंगगडाची रांग धुरकट निळी दिसायची. तिला वाटायचं, आता जवळ गेलं तर डोंगर चपटा निघेल, मागची बाजू काढलेलीच नसेल. मग बाजूच्या बाईची कोथिंबिरीची पिशवी मांडीला लागायची आणि ती भानावर यायची.

कप्प्यांचं मात्र अडलं. लाँचरने स्वतःचे कप्पे दिले होते: मारामारी, शर्यत, कोडी, मैदानी खेळ. संध्याला ते पटेनात. शिवाय येणाऱ्यातल्या निम्म्या लोकांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, आणि मराठी टाइप केलं की त्या सॉफ्टवेअरमध्ये नुसती प्रश्नचिन्हं उमटायची. रात्रीच्या जेवणाला तिने हे वडिलांना सांगितलं. आबांना गेम म्हणजे काय ते नीट कळलं नव्हतं, पण अडचण बरोबर कळली.

“अगं संधे, आमच्या काडेपेट्या काय नाव वाचून खपायच्या?” आबा भाकरी मोडत म्हणाले. “माणूस दुकानात जायचा, म्हणायचा, हत्तीची दे. होडीची दे. नाव कोण वाचतंय! पेटीवर हत्ती ओळखू आला पाहिजे, बस. आमचा साहेब तर छापून आलेलं लेबल हात लांब करून बघायचा. लांबून कळलं नाही तर परत पाठवायचा.”

दुसऱ्या दिवशी संध्याने आपली सगळी चित्रं हात लांब केल्यासारखी खुर्ची मागे सरकवून बघितली. निम्मी परत काढली. प्रत्येक चित्रात एकच गोष्ट ठळक ठेवली. नाव तिने पेंट या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी फॉन्टने चित्रावरच लिहिलं. लाँचरला काय, ते त्याला चित्रच वाटायचं. आणि नावंही तिने आपली ठेवली: ‘विहीर’. ‘तीन होड्या’. ‘रिकामं शहर’. ‘बर्फातलं घर’. कप्पेसुद्धा आपले केले. पाणी, डोंगर, रस्ता, बाजार. एका कप्प्याचं नाव होतं ‘कुणी मरत नाही’. त्यात फक्त एक्याऐंशी गेम बसले.

शेठने चष्मा शोधला, लावला आणि ओळीमागून ओळ पाहत गेला. “मॅडम, ये गेम पार्लर है या टूर कंपनी?” तो म्हणाला. पण त्याचा आवाज खूश होता. सात वर्षांत आपण काय काय आणून ठेवलं ते तो पहिल्यांदाच बघत होता.

कारागिरांना आठवड्याभरात सवय झाली. “आज डोंगरात जाऊ,” असं ते जिना चढतानाच म्हणू लागले. सुदाम नावाचा एक टेम्पोवाला होता, चाळिशीचा. दिवसभर जीन्सचे गठ्ठे वाहायचा आणि सुट्टीत येऊन पुन्हा गाडीच चालवायचा. त्याला ‘घाट’ नावाचा गेम आवडायचा. तो शर्यतीचा होता, पण सुदाम सगळ्यांना पुढे जाऊ द्यायचा आणि वळणावळणाने हळूहळू उतरायचा. “इथे कोणी हॉर्न मारत नाही, मॅडम,” तो म्हणायचा.

आणि गयाबाई यायची.

गयाबाई खालच्या कारखान्यात शिवून झालेल्या पँटींचे सुटे धागे कापायची. वय साठीला टेकलेलं, गाव बदलापूरच्या पलीकडचं. ती वर आली ती कूलरच्या वाऱ्यासाठी. डबा खायची, भिंतीला टेकून डोळे मिटायची. एक दिवस तिने डोळे उघडले तेव्हा समोर पडद्यावर पाणी होतं.

“बाय,” ती म्हणाली, “यो पानी खरा हाय का?”

“नाही मावशी, काढलेलं आहे.”

“मंग हालतंय कसा?”

संध्याने तिला खुर्चीवर बसवलं. तिचा हात माऊसवर ठेवला. त्या निळ्या बोटांनी पहिल्यांदा पडद्यावरचा माणूस पाण्याच्या कडेने चार पावलं चालवला आणि गयाबाईने हात झटकन काढून घेतला, तव्याला लागल्यासारखा. मग पुन्हा ठेवला. त्यानंतर ती रोज ‘पाणी’ हा कप्पा उघडायला सांगायची. ती काही जिंकायची नाही, हरायचीही नाही. काठाकाठाने चालायची. कधी त्यातच डोळा लागायचा, आणि पडद्यावरचा माणूस पाण्याकडे बघत तिची वाट बघत थांबायचा. संध्याने ते कधी बंद केलं नाही.

अशी दीड-दोन वर्षं गेली. त्या काळात कॅम्पात वीज सारखी जायची-यायची. २००६च्या ऑक्टोबरात एका दुपारी ती गेली, आली, पुन्हा गेली आणि आली ती अशी झटका देत, की कोपऱ्यातल्या मोठ्या कॉम्प्युटरमधून टकटक असा आवाज आला. दुरुस्तीवाल्याने हार्ड डिस्क कानाशी धरली आणि मान हलवली.

गेम गेले नाहीत. सीड्या होत्याच, शेठने नवी डिस्क आणली आणि दहा दिवसांत ते सगळे परत भरले गेले. पण लाँचरमधली यादी गेली. चित्रं गेली, नावं गेली, कप्पे गेले. उरली ती पुन्हा सात-आठ अक्षरांची कोंबाकोंब. गावं सगळी जागच्या जागी होती, त्यांच्याकडे जाणारे रस्ते तेवढे पुसले गेले होते.

त्यानंतर संध्या दोन दिवस कामावर गेली नाही. गोण्यांत भरलेली पुस्तकं तिला आठवत होती. आपण मांडायचं आणि कुणीतरी येऊन विस्कटायचं, हेच आपल्या वाट्याला आहे, असं तिला वाटलं. तिसऱ्या दिवशी ती गेली ती राजीनामा द्यायलाच. जेवणाची सुट्टी झाली होती आणि सुदाम तिच्या खुर्चीपाशी उभा होता.

“मॅडम, ‘घाट’ कुठे गेला?”

“गेला, सुदामभाऊ. सगळंच गेलं.”

“असं कसं? वरून तिसरी ओळ. ‘विहिरी’च्या बाजूला. त्याच्या उजवीकडे ते पिवळं वाळवंट होतं, त्यात उंट नव्हता, नुसते पाय उमटलेले.” तो बोटाने लाँचरच्या रिकाम्या पडद्यावर जागा दाखवत होता. “आणि खाली तो पूल. मी पुलावर गेलो नाही कधी, पण होता.”

संध्याने पर्समधून वही काढली आणि लिहून घेतलं: तिसरी ओळ, घाट, विहीर, वाळवंट, पूल.

त्या दिवसापासून जो वर येईल त्याला ती विचारू लागली. आणि लोक सांगू लागले. घास तोंडात असताना, हात धुता धुता, जिन्यात थांबून. पँटींना काज करणारा एक जण रोज एकच ओळ आठवून यायचा. एकाला नाव आठवायचं नाही, पण तिथला आवाज तो तोंडाने काढून दाखवायचा. शेठही गल्ल्यावर बसल्या बसल्या म्हणायचा, “वो बर्फवाला घर, मॅडम, उसके ऊपर चिमनी थी. लिहा.” ज्या गेमांत ते कधी शिरलेही नव्हते त्यांचीही चित्रं त्यांच्या डोळ्यांत होती. रोज समोरून जाऊन जाऊन ती त्यांच्या ओळखीची झाली होती, जशी रस्त्यावरची दुकानं होतात.

सगळ्यात जास्त आठवलं ते गयाबाईला. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून असेल कदाचित. ‘पाणी’ कप्प्यातली एकशे चाळीसच्या वर ठिकाणं तिने सांगितली. रोज डबा खाऊन झाला की ती भिंतीला टेकून डोळे मिटायची आणि बोलू लागायची. “ह्या अंगाला खडक. खडकावर दोन बगळं. त्याच्या म्होरं होडी, पन तिला भोक हाय.” संध्या लिहून घ्यायची आणि मग दुपारी एकेक गेम उघडून ते ठिकाण शोधायची. सापडलं की तिला असा आनंद व्हायचा, की उठून कुणाला तरी सांगावंसं वाटायचं. यादी पुन्हा उभी राहिली. पहिल्यासारखी नाही, कप्पे आता लोकांच्या बोलण्यातले होते. ‘सुदामभाऊचा रस्ता’ असा एक कप्पा झाला. एकाचं नाव पडलं ‘जेवल्यावर’.

एक ठिकाण मात्र काही सापडेना. गयाबाई सांगायची: पिवळी शाळा. कौलारू. मागे तळं, तळ्यात शाळा उलटी दिसते. दारात घंटा, पण वाजवायला कुणी नाही. संध्याने ‘पाणी’ कप्पा दोनदा पालथा घातला. मग डोंगर पाहिले, बाजार पाहिले. जानेवारी संपला, शाळा सापडली नाही.

“मावशी,” शेवटी ती हळूच म्हणाली, “तुमचा इथे डोळा लागायचा ना अधूनमधून? हे तुम्ही झोपेत पाहिलं असेल.”

गयाबाईने थोडा विचार केला. “आसंल,” ती म्हणाली. “झोपेत पायला तरी पायलाच ना?”

त्या दुपारी संध्याने पेंट उघडलं आणि माऊसने ती शाळा काढली. तिला चित्र काढता यायचं नाही. भिंती वाकड्या झाल्या, कौलं मोजून काढावी लागली. तळ्यातली उलटी शाळा तिने चित्र उलटं करून चिकटवली. वर लिहिलं, ‘पिवळी शाळा’. आणि लाँचरमध्ये ‘पाणी’ कप्प्याच्या शेवटी ते चित्र ठेवून दिलं. त्याच्या मागे गेम नव्हता. क्लिक केलं की काहीच व्हायचं नाही. नुसती एक छोटी खिडकी यायची, फाईल सापडत नाही असं सांगणारी.

तरी लोक तिथे जायचे. संध्याने कुणाला काही सांगितलं नव्हतं. काज करणारा तो कारागीर मुलगी झाल्याचे पेढे वाटायला आला तेव्हा म्हणाला, “ती पिवळी शाळा मी पण पाहिली आहे, मॅडम. आत वर्गात बाकं आहेत.” संध्याने त्याच्याकडे नीट बघितलं. तो थट्टा करत नव्हता. तिने ‘माहिती’च्या जागी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून टाकलं: आत बाकं आहेत. पुढे सुदामने सांगितलं की तिथवर कच्चा रस्ता जातो, टेम्पो जेमतेम जाईल. तेही तिने लिहिलं.

२००८मध्ये गयाबाईच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि धागे कापायचं काम सुटलं. लेकीने तिला गावी नेलं. दोन महिन्यांनी ती एकदा काळा चष्मा लावून, लेकीचा हात धरून जिना चढून वर आली. वाट वाकडी करून आली होती. संध्याने तिला कूलरसमोर बसवलं आणि न विचारता ‘पाणी’ उघडलं. गयाबाईने एकेक चित्र बघितलं. शेवटच्यापाशी थांबली. ऑपरेशनआधी त्याचा रंग तिला धुरकटच दिसायचा. चष्मा काढला, पुढे वाकली.

“बाय, पिवळा लय झाला.”

“जास्त पिवळं झालंय?”

“एवढा नव्हता. उन्हानं इटलेला होता. फडकं कसा इटतं, तसा.”

संध्याने रंग थोडा उतरवला. गयाबाईने मान हलवली. आणखी उतरवला. असं सात-आठदा झालं. लेक दारात उभी राहून घड्याळ बघत होती. मग एकदाची गयाबाई मागे टेकली आणि म्हणाली, “हां. आता आयली.”

पुढच्या वर्षी पार्लर बंद झालं. घरोघरी कॉम्प्युटर आले होते, खालचा कारखानाही हलला होता. शेठने तिथे तयार कपड्यांचं दुकान काढलं. संध्याला बदलापूरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम मिळालं आणि ती रोज नऊला तिथे जाऊ लागली. कॉलेजातली मुलं तिच्याकडे पुस्तक मागताना नाव विसरायची आणि ओशाळून म्हणायची, “मॅडम, नाव नाही आठवत, पण कव्हरवर एक खिडकी होती.” ग्रंथालयातले बाकीचे लोक अशांना परत पाठवायचे. संध्या मात्र खुर्ची जवळ ओढायची आणि विचारायची, “खिडकीतून काय दिसत होतं?”